वाचकांचे प्रश्न : उघड्या कॉन्टॅक्टवरचे व्होल्टेज

मागील अंकात नियंत्रण पॅनेलमधील इनपुट बोर्डांविषयी लिहिताना ‘विलगित कॉन्टॅक्ट इनपुट’ (स्विच किंवा रिलेच्या कॉन्टॅक्टची स्थिती वाचणारे आणि शेजारच्या इनपुटांपासून विजेच्या दृष्टीने वेगळे ठेवलेले इनपुट) हा प्रकार दोनच ओळींत आटोपला होता. त्या दोन ओळी अपुऱ्या होत्या, हे आलेल्या पत्रांवरून स्पष्ट झाले. त्यांपैकी सहा पत्रे येथे घेतली आहेत. उत्तरांकडे वळण्यापूर्वी शब्दांविषयी एक खुलासा करतो. आपल्या भाषेत ‘स्विच बंद कर’ म्हटले की दिवा विझतो, आणि ‘कॉन्टॅक्ट बंद झाला’ म्हटले की प्रवाह वाहू लागतो. एकाच शब्दाचे हे दोन उलट अर्थ पाळीच्या नोंदवहीत किती घोटाळे करतात, हे ज्याने रात्रपाळी केली आहे त्याला सांगायला नको. म्हणून या स्तंभात ‘उघडा’ आणि ‘जुळलेला’ हेच शब्द वापरले आहेत.

प्रश्न : आमच्या गॅस टर्बाइनच्या जीई मार्क व्हीआयई नियंत्रण प्रणालीत कॉन्टॅक्ट इनपुटसाठी टीबीसीआय आणि टीआयसीआय अशी दोन टर्मिनल बोर्डे आहेत. दोन्हींवर चोवीस इनपुट आहेत आणि दोन्हींत प्रकाशीय विलगीकरण आहे. मग एकालाच ‘विलगित’ का म्हणायचे? अडचणीच्या वेळी एकाच्या जागी दुसरे वापरता येईल का? — ओमानमधील वीज केंद्रात काम करणारे रत्नागिरीचे वाचक

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो : येणार नाही. कारण समजण्यासाठी विलगीकरण कोणापासून कोणाचे, हे पाहावे लागते. फील्डमधून आलेली तार आणि आतील इलेक्ट्रॉनिक्स यांच्यामध्ये प्रकाशाची भिंत दोन्ही बोर्डांच्या मार्गात आहे. एका बाजूला एलईडी उजळतो, दुसऱ्या बाजूचा प्रकाशसंवेदी घटक तो पाहतो, आणि दोहोंत तांब्याचा सांधा नसतो. फरक आहे तो चोवीस इनपुटांच्या आपापसांतील नात्यात. टीबीसीआय हे बोर्ड कोरड्या, म्हणजे स्वतःचे व्होल्टेज नसलेल्या कॉन्टॅक्टसाठी आहे. त्याच्या प्रकारानुसार १२५, ४८ किंवा २४ व्होल्ट डीसी ते स्वतःच फील्डमध्ये पाठवते आणि कॉन्टॅक्ट जुळला की ते परत येते का, एवढेच पाहते. साहजिकच सर्व चोवीस इनपुटे एकाच पुरवठ्यावर टांगलेली असतात. एका वाड्यातल्या बिऱ्हाडांना एकच आड असावा, तसा हा प्रकार आहे.

टीआयसीआय मात्र स्वतःहून काहीच पाठवत नाही. त्याचे प्रत्येक इनपुट म्हणजे दोन टर्मिनलांचा, शेजाऱ्यापासून पूर्णपणे वेगळा असा एक व्होल्टेज-शोधक असतो, आणि ‘माझ्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज आहे की नाही’ एवढ्याच प्रश्नाचे तो उत्तर देतो. त्यामुळे पहिले इनपुट बॅटरीच्या १२५ व्होल्ट डीसीवर, दुसरे मोटर पॅनेलच्या २३० व्होल्ट एसीवर आणि तिसरे एखाद्या फ्यूजच्या दोन टोकांवर लावता येते. त्याच्या एच-१ प्रकाराला ७० ते १४५ किंवा २०० ते २५० व्होल्ट डीसी, तसेच ९० ते १३२ किंवा १९० ते २६४ व्होल्ट एसी चालते. एच-२ हा प्रकार १८ ते ३२ व्होल्ट डीसीसाठी आहे. आणखी एक बाब जपून लक्षात ठेवावी, कारण पुढील उत्तर तिच्यावरच उभे आहे. एच-१ चा निर्णयाचा उंबरठा, म्हणजे ज्या व्होल्टेजच्या वर इनपुट जुळलेले मानले जाते ती पातळी, डीसीसाठी ३९ ते ६१ व्होल्ट आणि एसीसाठी ३५ ते ७६ व्होल्ट आहे, आणि आपण त्यावर ११० व्होल्ट लावा किंवा २३०, तो तेवढाच राहतो. टीबीसीआयच्या मार्गात उंबरठा पाठवलेल्या व्होल्टेजच्या निम्म्यावर असतो.

आता अदलाबदलीचे परिणाम पाहू. कोरडा कॉन्टॅक्ट विलगित बोर्डाला जोडला, तर तारेत व्होल्टेज घालणारे कोणीच उरत नाही आणि ते इनपुट जन्मभर उघडेच दिसते. यात निदान नुकसान होत नाही. उलट प्रकार वाईट आहे. एका रासायनिक कारखान्यात मोटर पॅनेलमधून आलेला कॉन्टॅक्ट आराखड्यावर कोरडा दाखवला होता, प्रत्यक्षात त्याच्या एका टोकाला ११० व्होल्ट एसी होते. मी आराखड्यावर विश्वास ठेवून तो डीसी पुरवणाऱ्या बोर्डाला जोडला, आणि काही क्षणांत संपूर्ण बॅटरीवर अर्थ फॉल्टचा, म्हणजे पुरवठा जमिनीशी जोडला गेल्याचा, इशारा वाजू लागला. एका तारेने दोन पुरवठे एकमेकांत मिसळले होते. दोष शोधायला अर्धा दिवस गेला. तेव्हापासून तार टर्मिनलमध्ये घालण्यापूर्वी तिच्या दोन टोकांमध्ये आणि प्रत्येक टोक ते अर्थ असे तीन वेळा व्होल्टेज मोजण्याची सवय मला लागली आहे.

प्रश्न : सुमारे ३०० मीटर लांबीच्या केबलने मोटर स्टार्टरचा ११० व्होल्ट एसीचा कॉन्टॅक्ट विलगित इनपुट बोर्डावर आणला आहे. कॉन्टॅक्ट उघडा असतानाही इनपुट अधूनमधून जुळलेले दिसते. मल्टिमीटर ७० ते ७५ व्होल्ट दाखवतो, पण चाचणीचा दिवा लावला की व्होल्टेज नाहीसे होते. पावसाळ्यात हा त्रास वाढतो. विलगित बोर्ड घेऊनही असे का व्हावे? — लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतील वाचक

आपल्या प्रश्नातील शेवटचे वाक्य अनेकांच्या मनात असते. विलगीकरण बोर्डाचे रक्षण करते आणि पुरवठे वेगळे ठेवते, परंतु दोन टोकांमध्ये आलेले व्होल्टेज खऱ्या कॉन्टॅक्टमधून आले की केबलने चोरून आणले, हे त्याला कळत नाही. ते काम उंबरठ्याचे आणि प्रवाहाचे आहे.

केबलमधील दोन शेजारच्या तारा म्हणजे लांबलचक कपॅसिटरच असतो. नियंत्रण केबलची धारिता (कपॅसिटन्स) दर किलोमीटरला साधारण ०.१ ते ०.३ मायक्रोफॅरड असते. मधला ०.२ हा आकडा धरला, तर आपल्या ३०० मीटरसाठी ०.०६ मायक्रोफॅरड येतात आणि ५० हर्ट्झला त्यांचा विरोध सुमारे ५३ किलोओहम होतो. म्हणजे स्टार्टरचा कॉन्टॅक्ट उघडा असला, तरी जाणारी आणि परतणारी तार यांच्यामध्ये ५३ किलोओहमचा एक अदृश्य पूल कायम जोडलेला आहे. आपल्या इनपुटचा अंतर्गत विरोध ५० किलोओहम धरला, तर कपॅसिटरमधील प्रवाह कलेने (फेजने) पुढे असल्यामुळे बेरीज साधी न करता वर्गांची करावी लागते, आणि इनपुटवर सुमारे ७५ व्होल्ट येतात. आपल्या मल्टिमीटरने हेच दाखवले आहे. हा आकडा ३५ ते ७६ या उंबरठ्याच्या पट्ट्याच्या अगदी काठावर आहे. अशा ठिकाणी एक इनपुट जुळलेले दिसते, शेजारचे दिसत नाही, आणि सकाळी दिसलेले दुपारी बदलते. बोर्ड सदोष आहे असे समजून ते बदलले, तर नव्या बोर्डावर कदाचित दुसरेच इनपुट भुताटकी करू लागेल. चाचणीच्या दिव्याचा विरोध खूपच कमी असल्याने तो हे दुबळे व्होल्टेज खाली ओढतो. दिव्याने भूत पळते, ते असे.

दिव्याचे हेच काम कायमस्वरूपी करण्यासाठी इनपुटच्या दोन टर्मिनलांना समांतर १० किलोओहमचा रोधक जोडावा. मग इनपुट आणि रोधक मिळून ८.३ किलोओहम होतात आणि उघड्या कॉन्टॅक्टवर सुमारे १७ व्होल्टच उरतात, जे उंबरठ्याच्या बरेच खाली आहेत. कॉन्टॅक्ट जुळला की या रोधकात १.२ वॉट उष्णता निर्माण होते, म्हणून अर्ध्या वॉटचा रोधक वापरू नये. ५ वॉटचा, तार गुंडाळलेला रोधक घ्यावा आणि तो वायरिंगच्या नळीला टेकणार नाही असा बसवावा. हाच हिशेब २३० व्होल्टवर केला, तर उष्णता ५ वॉटच्या वर जाते आणि रोधक लावण्याचा मार्ग गैरसोयीचा होतो. तेथे पॅनेलपाशीच एक मध्यस्थ रिले बसवून तिचा कोरडा कॉन्टॅक्ट डीसीवर वाचणे अधिक बरे. संरक्षणाच्या, म्हणजे यंत्र थांबवणाऱ्या संकेतांसाठी तर मी रोधकाचा उपाय सुचवणारच नाही, कारण रोधकाचा सांधा सुटला की भूत परत येते आणि ते परतल्याचे कोणालाही कळत नाही.

स्टार्टरमधील कॉन्टॅक्टच्या टोकांवर विजेचा गोंगाट (नॉईज) दाबण्यासाठी रोधक-कपॅसिटरची जोडी लावली आहे का, हेही पाहावे. ०.१ मायक्रोफॅरडची जोडी २३० व्होल्टवर एकटीच ७ मिलिअँपिअरहून थोडा अधिक प्रवाह सोडते, आणि तेवढ्यावर कोणतेही हलके इनपुट जुळलेले दिसते.

पावसाळ्याचे मात्र वेगळे आहे. पावसाने केबलची धारिता फारशी बदलत नाही; बदलतो तो जंक्शन बॉक्समधील गळतीचा विरोध. कोकणात जून ते सप्टेंबर या काळात ग्लँड (केबल आत शिरते तेथील आवळपट्टी) नीट आवळलेला नसलेला जंक्शन बॉक्स आतून अक्षरशः ठिबकतो. गळती एसीप्रमाणे डीसीवरही होते, हा तिचा आणि धारितेचा मुख्य फरक आहे. गळतीचा विरोध किती खाली गेला की इनपुट फसेल, हे उंबरठा ठरवतो. निम्म्या व्होल्टेजवर निर्णय करणारे, ५० किलोओहमचे १२५ व्होल्टचे इनपुट गळती ५० किलोओहमच्या खाली गेली की फसते. विलगित बोर्डाचा उंबरठा ३९ व्होल्टपासून सुरू होत असल्याने १२५ व्होल्टवर गळतीचा विरोध इनपुटच्या विरोधाच्या २.२ पटींहून अधिक राहिला पाहिजे, आणि २२० व्होल्टवर साडेचार पटींहूनही अधिक. जास्त व्होल्टेज म्हणजे जास्त खात्री असे आपण मानत आलो आहोत, परंतु स्थिर उंबरठ्याच्या बोर्डावर ओल्या केबलच्या बाबतीत उलटे घडते.

प्रश्न : आमच्या औष्णिक केंद्रातील बॅटरी २२० व्होल्टची आहे. बोर्डाची मर्यादा २०० ते २५० व्होल्ट डीसी असल्याने ते निर्धास्तपणे वापरता येईल ना? — चंद्रपूर जिल्ह्यातील वाचक

‘निर्धास्तपणे’ हा शब्द काढला तर होय. २२० व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीत ११० सेल असतात. फ्लोटवर, म्हणजे बॅटरी भरलेली ठेवणाऱ्या नेहमीच्या चार्जिंगवर, दर सेलला २.२५ व्होल्ट धरले तर एकूण २४७.५ व्होल्ट होतात, म्हणजे वरच्या मर्यादेला अडीच व्होल्टच उरतात. बॅटरी उतरत जाऊन दर सेल १.८५ व्होल्टवर आला की २०३.५ व्होल्ट राहतात. दोन्ही टोके मर्यादेत बसतात, पण जेमतेम. खरा धोका बूस्ट चार्जिंगचा, म्हणजे वाढीव व्होल्टेजने बॅटरी भरण्याचा, आहे. त्या वेळी भार वेगळा केला जातो की चार्जरचे वाढलेले व्होल्टेज ड्रॉपर डायोडमधून उतरवून दिले जाते, हे आपल्या चार्जरच्या आराखड्यात पाहा आणि त्या अवस्थेत इनपुटच्या टर्मिनलवर प्रत्यक्ष मोजा.

प्रश्न : वार्षिक दुरुस्तीत केबलींचा इन्सुलेशन विरोध ५०० व्होल्टच्या मेगरने तपासतो. इनपुट विलगित असल्याने तारा टर्मिनलमध्ये तशाच ठेवल्या तर चालते का? — तारापूर येथील वाचक

कृपया असे करू नये. बोर्डावर अतिरिक्त व्होल्टेज शोषणारे घटक बसवलेले असतात आणि मेगरचे ५०० व्होल्ट त्यांच्या दृष्टीने विजेच्या लाटेसारखेच असतात. ते वाहू लागतात, त्यामुळे केबल उत्तम असूनही वाचन खराब येते आणि आपण निर्दोष केबल बदलायला निघता. शिवाय दोन टोकांमध्ये मेगर लावला तर इनपुटचे सर्किटही दुखावू शकते. उपसता येणारे टर्मिनल ब्लॉक असतील, तर ब्लॉक काढून बाजूला ठेवावा आणि मगच मेगर फिरवावा. चाचणीनंतर केबलमध्ये साठलेला विद्युतभार अर्थला सोडून द्यावा आणि नंतरच ब्लॉक परत बसवावा. ही शेवटची पायरी घाईत हमखास राहते.

प्रश्न : विलगित इनपुटने फ्यूज आणि ट्रिप कॉइल यांच्यावर लक्ष ठेवता येते, असे आपण लिहिले होते. नेमके कोठे जोडायचे, हे प्रकल्पासाठी समजून घ्यायचे आहे. — सांगली येथील तंत्रनिकेतनात अंतिम वर्षाला शिकणारी विद्यार्थिनी

तुझा प्रश्न या बोर्डाच्या मूळ उपयोगालाच हात घालतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. फ्यूजच्या दोन टोकांवर शोधक जोडला, तर फ्यूज शाबूत असताना त्यावर जवळजवळ शून्य व्होल्ट असतात आणि तो उडाला की पूर्ण व्होल्टेज दिसते. हे आकर्षक वाटते, पण त्यात एक खोच आहे. व्होल्टेज दिसायला पुढे भार जोडलेला असावा लागतो. भाराकडे जाणारी तारही तुटली असेल, तर फ्यूज उडूनही शोधक शांत राहतो आणि पडद्यावर ‘सर्व ठीक’ असे दिसते. म्हणून माझी पसंती दुसऱ्या जोडणीला आहे : शोधकाचे एक टोक फ्यूजच्या पुढे आणि दुसरे परतीच्या तारेवर. व्होल्टेज आहे म्हणजे फ्यूज, पुरवठा आणि शोधकाची तार ही सर्व शाबूत आहेत. यांपैकी काहीही गेले तर संकेत जातो आणि इशारा मिळतो. काही बिघडले की बोंब झालीच पाहिजे, अशीच जोडणी निवडावी.

ट्रिप कॉइलच्या, म्हणजे ब्रेकर उघडणाऱ्या कॉइलच्या, बाबतीत शोधक उघड्या ट्रिप कॉन्टॅक्टच्या दोन टोकांवर लावतात. पुरवठा, फ्यूज, केबल आणि कॉइल यांची साखळी अखंड असेल, तर कॉन्टॅक्टवर व्होल्टेज दिसते, आणि साखळीतील कोणताही दुवा तुटला की ते नाहीसे होते. अर्थात कॉन्टॅक्ट जुळल्यावरही ते नाहीसे होते, म्हणून हा संकेत ब्रेकरच्या स्थितीसोबतच वाचावा लागतो.

येथे एक हिशेब करून पाहा. शोधकातून कॉइलमध्ये थोडा प्रवाह सतत वाहत राहतो. ११० व्होल्टची २० वॉटची कॉइल घेतली, तर तिचा विरोध ६०५ ओहम होतो. शोधक ५० किलोओहमचा धरला, तर कॉइलवर १.३ व्होल्ट येतात आणि त्याने ती हलणारही नाही. आता त्याच जागी सुमारे २२ किलोओहमची छोटी मध्यस्थ रिले ठेव. तिच्यावर जवळजवळ ३४ व्होल्ट येतात. अशा डीसी रिले एकदा ओढल्या गेल्या की त्यांना सुटण्यासाठी व्होल्टेज पुष्कळ खाली, कित्येकदा नियत व्होल्टेजच्या दशांशाच्या आसपास, यावे लागते. म्हणजे ट्रिप कॉन्टॅक्ट उघडल्यावरही ती रिले शोधकाच्या गळतीवर धरून राहू शकते. ज्या साखळीवर पहारा ठेवायचा, तिलाच पहारेकऱ्याने अडकवले असा प्रकार होतो. प्रकल्पाच्या अहवालात हा हिशेब आवर्जून घाल. कॉइलचा विरोध माहितीपत्रकावरून न घेता स्वतः मोजून लिही.

प्रश्न : आमच्या साखर कारखान्यात बिगरहंगामात जुने ११० व्होल्ट एसीचे रिले पॅनेल काढून २४ व्होल्टचे पीएलसी (प्रोग्रॅम करता येणारा नियंत्रक) बसवले. वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेले लिमिट स्विच गाळप सुरू झाल्यावर दगा देऊ लागले. हाताने दोन-चार वेळा दाबले की चालतात, दोन दिवसांनी पुन्हा चालेनासे होतात. विलगित बोर्ड बसवल्याने फरक पडेल का? — कोल्हापूर जिल्ह्यातील वाचक

विलगित बोर्ड बसवल्याने फरक पडेल असे वाटत नाही. स्विच बिघडलेले नाहीत, त्यांची उपासमार झाली आहे. या स्विचांचे कॉन्टॅक्ट चांदीचे असतात आणि हवेत हायड्रोजन सल्फाइड असेल तर चांदीवर काळा थर धरतो. आसवनी आणि तिच्या सांडपाण्यावरील बायोगॅस संयंत्र आवारातच असेल, तर या वायूला लांबून यावे लागत नाही. जुन्या पॅनेलमध्ये प्रत्येक वेळी ११० व्होल्टची ठिणगी आणि कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा प्रवाह तो थर जाळून टाकत होते. नवीन इनपुटला मात्र २४ व्होल्टवर काही मिलिअँपिअरच पुरतात. आयईसी ६११३१-२ या मानकानुसार पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारच्या इनपुटला जुळलेल्या अवस्थेत किमान २ मिलिअँपिअर एवढेच हवे असतात. तेवढ्याने थर फुटत नाही. हाताने दाबल्यावर कॉन्टॅक्ट एकमेकांवर घासतात, थर खरवडला जातो आणि दोन दिवस निभावतात.

तात्पुरता उपाय म्हणून प्रत्येक इनपुटला समांतर १.२ किलोओहमचा, २ वॉटचा रोधक लावावा, म्हणजे कॉन्टॅक्टमधून आणखी २० मिलिअँपिअर वाहतील. पुरवठ्याची क्षमता आधी तपासा, कारण पन्नास स्विचांचा एक अँपिअर होतो. महत्त्वाच्या जागी सोन्याचा मुलामा दिलेल्या कॉन्टॅक्टचे स्विच घ्या, मात्र असा स्विच पूर्वी जड भारावर वापरलेला नसावा, कारण मुलामा पहिल्या काही ठिणग्यांतच जळून जातो. पॉलिश पेपरने कॉन्टॅक्ट घासण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. ओरखड्यांत थर अधिकच लवकर धरतो, म्हणून ती सोडावी. पुढील बिगरहंगामात बदल करणारच असाल, तर ४८ किंवा १२५ व्होल्ट पाठवणाऱ्या कोरड्या कॉन्टॅक्टच्या बोर्डाचा विचार करा.

याच वाचकांनी पत्राच्या शेवटी आणखी एक शंका विचारली आहे : सहवीज प्रकल्पातील घटनाक्रमाच्या नोंदीत पुरवठा गेल्याचा संकेत ब्रेकर उघडल्यानंतर ८ मिलिसेकंदांनी दिसतो, तर आधी काय घडले असे समजायचे? पुरवठ्याचा संकेत एसीवरून घेतला असेल, तर या नोंदीवरून क्रम ठरवता येणार नाही. ५० हर्ट्झचे व्होल्टेज दर १० मिलिसेकंदांनी शून्यावरून जाते. शून्य दिसले म्हणजे पुरवठा गेला, असे मानून चालत नसल्याने एसी पाहणाऱ्या सर्किटला किमान अर्धे आवर्तन थांबावेच लागते. नोंदीवरील वेळेचा शिक्का १ मिलिसेकंदाचा असला, तरी तो निर्णय झाल्याच्या क्षणाचा असतो, घटनेच्या क्षणाचा नव्हे. ज्या दोन घटनांचा क्रम आपल्याला हवा आहे, त्या दोन्ही एकाच बॅटरीच्या डीसी कॉन्टॅक्टवरून आणि एकाच जातीच्या बोर्डावर घ्याव्यात, आणि दोन्ही इनपुटांची गाळणीची (फिल्टरची) वेळ सारखीच ठेवावी.